विनिपेग लेक: एवढं मोठं तळं, परातीएवढं उथळ, आणि उन्हाळ्यात हिरवं का होतं

आम्ही कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला राहायला आलो तेव्हा सासूबाईंनी पुण्यात मॅप उघडून बघितला आणि फोनवर म्हणाल्या, अगं केवढं मोठं तळं आहे तुमच्या गावाला, खिडकीतून दिसत असेल ना, आणि मला सांगावं लागलं की आई, ते इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. पहिला गोंधळ हाच. विनिपेग शहर विनिपेग लेकच्या काठावर नाहीये, साधारण ५५-६० किलोमीटर दक्षिणेला आहे. दुसरा गोंधळ त्याच्याहून भारी, विनिपेग नावाची नदी आहे पण ती विनिपेग शहरातून जातच नाही, शहरातून रेड आणि असिनिबोइन ह्या दोन नद्या जातात आणि विनिपेग नदी तिकडे पूर्वेला ओंटारियोतून येऊन परस्पर लेकमधे पडते. त्यात भर म्हणून पश्चिमेला विनिपेगोसिस नावाचं अजून एक तळं आहे, नावाचा अर्थ छोटं विनिपेग, आणि हे 'छोटं' पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर.

नाव मूळचं क्री लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाचं. विनि म्हणजे गढूळ आणि निपी म्हणजे पाणी. लेकचं नाव आधीचं, शहराला ते मागाहून मिळालं, म्हणजे सात-आठ लाख लोक ज्या शहराचं नाव अभिमानाने टीशर्टवर छापून फिरतात त्याचा अर्थ 'गढूळ पाणी' असा आहे. मला हे कळल्यावर फार आवडलं, कारण ह्या तळ्याबद्दल जे जे समजून घ्यायचं ते सगळं ह्या नावातच सुरू होतं. पाणी गढूळ का? तर तळं उथळ आहे. आणि दुसरं म्हणजे त्याच्यात पाणी फार लांबलांबून येतं. ह्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

आधी आकार. क्षेत्रफळ साधारण २४,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसहा गोवे मावतील. उत्तर-दक्षिण लांबी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. जगातल्या मोठ्या गोड्या पाण्याच्या तळ्यांची यादी केली की पहिल्या दहा-अकरात ह्याचा नंबर लागतो. पण सरासरी खोली किती, तर फक्त १२ मीटर, आणि सगळ्यात खोल जागा ३६ मीटर, तीही मधल्या चिंचोळ्या भागात. आता ह्याची कल्पना यावी म्हणून मी एकदा मुलाला हिशोब करून दाखवला. समजा आपण आपल्या हॉलमधे सव्वाचार मीटर लांबीचं ह्या लेकचं मॉडेल केलं तर त्यात पाण्याची जाडी किती येईल? एका कागदाएवढी! खरंच, गुणाकार करून बघा. तुलनेला अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पाच ग्रेट लेक्सपैकी सुपीरियर लेक घ्या, त्याची सरासरी खोली १४७ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे सुपीरियर हा हंडा आणि विनिपेग ही परात.

परातीत पाणी असलं की काय होतं, जरा धक्का लागला की हिंदकळतं. इथे धक्का वाऱ्याचा. उत्तरेचा वारा दोन दिवस जोरात वाहिला की अख्खं पाणी दक्षिणेकडे ढकललं जातं आणि दक्षिण काठावर लेव्हल मीटरभर सुद्धा वर चढते, एक थेंब पाऊस न पडता. लाटाही उथळपणामुळे आखूड आणि उभ्या होतात, एकामागून एक आपटतात, त्यामुळे छोट्या होडीला हे तळं समुद्रापेक्षा वाईट असं इथले मच्छीमार सांगतात. आणि प्रत्येक वादळात तळाचा गाळ ढवळून वर येतो, म्हणून गढूळ.

लेकचे दोन भाग पडतात, उत्तरेचा मोठा आणि दक्षिणेचा लहान, मधे अगदी अरुंद जागा आहे, तिला नॅरोज म्हणतात, तिथे दोन्ही काठ दोन-अडीच किलोमीटरवर येतात. पूर्व काठावर कॅनेडियन शील्डचा, म्हणजे कॅनडाच्या मोठ्या भागाखाली पसरलेल्या प्राचीन खडकाचा, जुना ग्रॅनाइट आणि घनदाट जंगल, पश्चिम काठावर चुनखडक. एकाच तळ्याचे दोन काठ दोन वेगळ्या देशातले वाटतात इतका फरक आहे. पूर्वेकडच्या जंगलातला एक मोठा भाग, पिमाचिओविन आकी, २०१८ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, निसर्ग आणि संस्कृती दोन्हीसाठी एकदम मान मिळालेलं कॅनडातलं ते पहिलंच ठिकाण.

आता हे तळं आलं कुठून. हे स्वतंत्र तळं नाहीच मुळी, हे एका राक्षसी तळ्याचं उरलेलं खरकटं पाणी आहे. शेवटच्या हिमयुगात इथे किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीची बर्फाची चादर होती. ती वितळायला लागली, दक्षिणेकडून उत्तरेकडे मागे सरकायला लागली, आणि वितळलेल्या पाण्याला उत्तरेला हडसन बेकडे, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतल्या मोठ्या उपसागराकडे, जायची वाट बर्फानेच अडवलेली. मग पाणी साठत गेलं. साधारण १२-१३ हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ह्या तळ्याला नंतरच्या अभ्यासकांनी अगासिझ लेक नाव दिलं, लुई अगासिझ ह्या शास्त्रज्ञाच्या नावावरून, ज्याने हिमयुगाची कल्पना लोकांच्या गळी उतरवली. ते आकार बदलत राहिलं, पण भरात असताना आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी कमी पडतील एवढं ते पसरलेलं होतं. मग साधारण सव्वाआठ-साडेआठ हजार वर्षांपूर्वी बर्फाचा तो बांध फुटला आणि पाणी हडसन बेतून समुद्रात गेलं. एवढं गार गोडं पाणी एकदम समुद्रात गेल्यामुळे उत्तर अटलांटिकचे प्रवाह बिघडले आणि त्या सुमाराला उत्तर गोलार्धात जी अचानक थंडी पडली ती त्यामुळेच, असं बरेच अभ्यासक मानतात.

तळं रिकामं झालं पण खोलगट जागांमधे पाणी उरलं, तेच आजचं विनिपेग, मॅनिटोबा, विनिपेगोसिस वगैरे. आणि जिथलं पाणी पूर्ण गेलं तिथे तळाचा चिखल उरला, त्या चिखलावर आज विनिपेग शहर आणि रेड नदीचं खोरं आहे. इथे जमीन इतकी सपाट आहे की कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो असा जोक आहे. चिखल चिकट, त्याला इथे गंबो म्हणतात, ओला झाला की फुगतो आणि सुकला की आकसतो, त्यामुळे घरांच्या बेसमेंटला चिरा पडतात. आमच्याही भिंतीला एक चीर आहे, दुरुस्तीवाला आला तो खांदे उडवून म्हणाला जुन्या लेकच्या तळावर घर बांधलंय, काय अपेक्षा करता.

आता दुसरा मुद्दा, पाणी येतं कुठून. पश्चिमेला रॉकी पर्वतातून निघालेल्या नद्या एकत्र येऊन सस्कॅचेवान नदी होते, ती ग्रँड रॅपिड्सला लेकमधे पडते. दक्षिणेकडून अमेरिकेतून रेड नदी येते. पूर्वेकडून विनिपेग नदी, तीच सगळ्यात जास्त पाणी आणते. म्हणजे कॅनडाचे चार प्रांत, अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा, ओंटारियो, आणि शिवाय अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा, मिनेसोटा वगैरे राज्यांचे तुकडे, सगळ्यांचं पाणी उतरून इथे. पाणलोट क्षेत्र जवळजवळ १० लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. तळ्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण ४० पट. जगातल्या मोठ्या तळ्यांमधे हे प्रमाण एवढं कुठेच नाही. कॅलगरी, एडमंटन, सास्काटून, रिजायना, विनिपेग, अमेरिकेतलं फार्गो, सगळी शहरं ह्याच्यात. त्यामुळे तुमचा कोणी मावसभाऊ कॅलगरीत असेल तर त्याच्या सिंकमधून गेलेलं पाणी बो नदीतून दीड हजाराहून जास्त किलोमीटर फिरून शेवटी आमच्या लेकमधेच येणार आहे. आणि बाहेर जायची वाट मात्र एकच, उत्तरेला नेल्सन नदी, ती हडसन बेला जाते.

ह्या पाणलोटावरच कॅनडाचा निम्मा इतिहास लिहिलाय हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. २ मे १६७० ला इंग्लंडच्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, हडसन बे कंपनीला एक सनद दिली. त्यात जमीन कशी मोजली, तर हडसनच्या सामुद्रधुनीतून आत गेल्यावर जेवढ्या नद्या त्या समुद्राला मिळतात त्यांच्याखालची सगळी जमीन कंपनीची. पाहिलेली नाही, मोजलेली नाही, तिथे हजारो वर्षं लोक राहतायत ते विचारलेलं नाही, पाणी जिकडून येतं ते सगळं आमचं. विनिपेग लेक आणि त्याचा अख्खा पाणलोट ह्याच्यात आला. भाडं काय, तर राजा किंवा त्याचे वारस कधी त्या मुलखात आले तर दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर (पाण्यात राहणारे केसाळ प्राणी) द्यायचे. आणि हा दुसरा चार्ल्स म्हणजे तोच बरं का, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई हुंड्यात मिळाली आणि ज्याने दोनच वर्षं आधी, १६६८ मधे, ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांवर देऊन टाकली. एकाच माणसाने दोन वर्षांत दोन कंपन्यांना दोन मुलूख वाटले! हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं होतं.

कंपनीला हवी होती बीव्हरची कातडी, युरोपात टोप्यांसाठी. कातडी मिळायची आतल्या जंगलात, जहाजं लागायची हडसन बेवर, आणि मधली वाट पाण्याचीच. फ्रेंचही दुसऱ्या बाजूने आले होते, ला व्हेरँद्री नावाच्या माणसाने १७३४ मधे रेड नदीवर, लेकच्या दक्षिण टोकाजवळ, किल्ला बांधला. पण हे सगळे 'शोधणारे' फिरले ते क्री, अनिशिनाबे ह्या मूळ रहिवाशांच्या वाटांवरून, त्यांच्याच होड्यांतून आणि त्यांनीच दाखवलेल्या रस्त्याने. पुढे कंपनीने यॉर्क बोटी बनवल्या, वल्ह्यांच्या आणि शिडाच्या लाकडी बोटी, त्या ह्या लेकवर उत्तर-दक्षिण सामान न्यायच्या. लेकच्या उत्तर टोकाच्या जवळ नॉर्वे हाउस हे ठाणं होतं, सगळीकडून येणाऱ्या वाटांचं जंक्शन. नॉर्वे हे नाव तिथे कामाला आणलेल्या नॉर्वेजियन मजुरांवरून.

नॉर्वे हाउसची एक गोष्ट मराठी वाचणाऱ्याने ऐकायलाच हवी. १८४० मधे तिथे जेम्स इव्हान्स नावाचा मिशनरी होता. त्याने क्री भाषेसाठी एक लिपी तयार केली जी आजही वापरात आहे, इथल्या पाट्यांवर दिसते. तिची युक्ती अशी की व्यंजनाला एक आकार, आणि स्वर बदलला की आकार तोच, फक्त फिरवायचा. उदाहरणार्थ प चा आकार म्हणजे बाणाच्या टोकासारखी खूण, टोक वर असेल तर पी, खाली असेल तर पे, उजवीकडे पो, डावीकडे पा. आपली बाराखडी नाही का, प ला काना, प ला वेलांटी, व्यंजन तेच आणि स्वराची खूण वेगळी, तसंच हे, पण खूण लावायच्या ऐवजी अक्षरच वळवायचं. आणि हे नुसतं मला वाटतं असं नाही, अभ्यासकही म्हणतात की ह्या लिपीमागे पिटमनची शॉर्टहँड आणि देवनागरी ह्या दोन्हींची छाप आहे, कारण त्या काळात मिशनऱ्यांमधे देवनागरीची माहिती फिरत होती. छपाईला साहित्य नव्हतं तर इव्हान्सने चहाच्या पेट्यांमधलं शिसं वितळवून टाइप ओतले आणि बर्चच्या सालीवर सुद्धा छापलं. क्री लोकांमधे मात्र वेगळी कथा चालत आलेली आहे, की ही लिपी इव्हान्सने नाही दिली, मिस्तानास्कोवेव नावाच्या त्यांच्या माणसाला ती आत्म्यांच्या जगातून मिळाली. लिपी इतकी पटापट पसरली, एकाने दुसऱ्याला शिकवून, कोळशाने सालीवर लिहून, की ती बाहेरून लादलेली वाटतच नाही हे मात्र खरं.

कंपनीची ती सगळी जमीन कॅनडाने ३ लाख पौंडांना घेतली, व्यवहार १८७० मधे पुरा झाला. मग लेकवर वाफेच्या बोटी चालवायच्या होत्या, वस्ती करायची होती, त्यासाठी काठावरच्या लोकांशी करार हवा. सप्टेंबर १८७५ मधे अलेक्झांडर मॉरिस हा सरकारचा माणूस बोटीने लेकभर फिरला आणि बेरेन्स रिव्हर, नॉर्वे हाउस, ग्रँड रॅपिड्स अशा ठिकाणी एकेका दिवसात सह्या घेतल्या, हा करार नंबर पाच. आसपासच्या दुसऱ्या काही करारांत पाच माणसांच्या कुटुंबामागे ६४० एकर राखीव जमीन होती, इथे फक्त १६०. आणि माणशी वर्षाला ५ डॉलर, ते अजूनही ५ डॉलरच मिळतात, दर वर्षी, आजच्या तारखेला त्यात एक सँडविच येत नाही.

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १८७५ ला, लेकच्या पश्चिम काठावर आइसलँडचे दोनशेच्या वर लोक सपाट तळाच्या बोटींतून उतरले. खरं त्यांना अजून उत्तरेला जायचं होतं पण हवा बिघडली आणि बोटी ओढणाऱ्या स्टीमरने त्यांना विलो पॉइंटला सोडून दिलं. ऑक्टोबरचा शेवट म्हणजे इथे हिवाळा दारात उभा, घरं नाहीत, जाळी आणलेली पण ती इथल्या माशांच्या कामाची नाहीत, बर्फाखाली मासे धरायचे कसे ते माहीत नाही. त्यांनी गावाचं नाव ठेवलं गिमली, त्यांच्या जुन्या पुराणात जगाचा नाश झाल्यावर जे वाचतात ते जिथे राहतात त्या जागेचं नाव. पुढच्या वर्षी अजून हजार-बाराशे आले, कारण १८७५ मधे आइसलँडमधे आस्क्या ज्वालामुखी फुटून राखेने कुरणं झाकली होती. आणि त्या लोकांबरोबर देवीच्या रोगाची साथ आली. १८७६-७७ च्या हिवाळ्यात शंभराच्या वर आइसलँडर गेले, आणि काठावरच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्याच्या वस्त्या. सँडी बार नावाची वस्ती इतकी मोडली की रोगाच्या भीतीने तिथली घरं जाळून टाकली. त्या वस्तीतला जॉन रॅमसे, ज्याची जमीन ह्या नव्या लोकांना देऊन टाकली होती, त्यानेच त्यांना शिकार आणि मासेमारीत मदत केली. त्याची बायको बेट्सी देवीने गेली. तिच्या थडग्यावर त्याने त्या काळात संगमरवरी दगड आणून बसवला, तो अजून आहे. गिमलीत दर ऑगस्टला आइसलँडिक उत्सव असतो, व्हायकिंगची शिंगं घातलेली मुलं, आइस्क्रीम, सगळं छान असतं, पण मला तिथे गेलं की तो दगडच आठवतो.

(गिमली अजून एका कारणाने प्रसिद्ध आहे, २३ जुलै १९८३ ला इंधन संपलेलं बोइंग ७६७ तिथल्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखं उतरवलं होतं. इंधन मोजताना किलो आणि पौंडात गल्लत झाली होती. सगळे वाचले. मुलांना युनिट लिहा रे म्हणून ओरडताना मी हीच गोष्ट सांगते.)

मासेमारी आइसलँडर आणि मूळ रहिवासी दोघांच्याही हाडात भिनली. हिवाळ्यात लेक नोव्हेंबरपासून मे पर्यंत गोठलेलं असतं, बर्फ मीटरभर जाड होतो, आणि तरी जाळं पाण्यात टाकायचं असतं. कसं? एक लांब फळी असते, तिला जिगर म्हणतात, तिला एक लोखंडी दांडा. भोकातून ती बर्फाखाली सोडायची, ती तरंगून बर्फाला खालून चिकटते, दोरी ओढली की दांडा बर्फाला टोचून फळीला पुढे ढकलतो, परत ओढली परत पुढे, आणि वर एक माणूस कान लावून फळीचा टकटक आवाज ऐकत चालतो. जिथे थांबेल तिथे दुसरं भोक पाडायचं, की दोन भोकांमधून दोरी आली, मग तिला जाळं बांधून ओढायचं. मासा मुख्य म्हणजे पिकरेल, बाकी जग त्याला वॉलआय म्हणतं पण इथे वॉलआय म्हटलं की तुम्ही बाहेरचे. काटा कमी, आमच्याकडे रवा लावूनच होतो.

आता १९७० च्या दशकात या. मॅनिटोबाची वीज जवळजवळ सगळी पाण्यावर चालते, आणि मोठी धरणं नेल्सन नदीवर, म्हणजे लेकच्या खालच्या अंगाला. निसर्गाची चाल अशी की लेकमधून पाणी उन्हाळ्यात जास्त बाहेर पडतं आणि हिवाळ्यात बर्फाने तोंड आवळलं जाऊन कमी. पण वीज सगळ्यात जास्त कधी लागते, तर उणे तीसमधे हीटर लावल्यावर. चाल उलटी करायला हवी. म्हणून तोंडाशी जास्तीचे कालवे खोदले आणि जेनपेगला दरवाजे आणि वीजकेंद्र बांधलं, आणि १९७६ पासून अख्खं तळं एखाद्या धरणाच्या जलाशयासारखं सांभाळलं जातं, लेव्हल ७११ ते ७१५ फुटांच्या मधे ठेवायची असा नियम. दक्षिण काठावरचे कॉटेजवाले म्हणतात आमचा किनारा ह्यामुळे खचला. खालच्या अंगाचे क्री लोक, क्रॉस लेक वगैरे, त्यांचं दुखणं फार मोठं आहे, नदी भलत्या ऋतूत चढते उतरते, बर्फ पोकळ राहतो, त्यावरून चालणं धोक्याचं, शिकार गेली. १९७७ मधे त्यांच्याशी भरपाईचा करार झाला, भांडण अजून चालू आहे.

कॉटेजवाल्यांच्या तक्रारीत मात्र एक गंमत आहे आणि ती परत बर्फापर्यंत जाते. त्या किलोमीटरभर जाड बर्फाच्या वजनाने जमीन खाली दबली होती, गादीवर कोणी बसल्यावर दबते तशी. बर्फ गेला, आणि जमीन अजूनही हळूहळू वर येते आहे, पण उत्तरेला बर्फ जास्त जाड होता आणि जास्त वेळ होता म्हणून तिकडची जमीन जास्त वेगाने वर येते. परातीची एक कड उचलली तर पाणी दुसरीकडे सरकणारच. बाहेर जायची वाट उत्तर टोकाला, तीच उचलली जातेय, त्यामुळे दक्षिण काठावर पाणी शंभर वर्षांत साधारण २० सेंटीमीटरने चढतं. म्हणजे लेक हजारो वर्षं हळूहळू दक्षिणेला, शहराच्या दिशेने सरकतोय, धरण असो नसो. दरवाजांचा परिणाम नाहीच असं मी म्हणत नाही, पण काठावर दगडांची भिंत घालताना ज्याच्याशी भांडताय तो शत्रू फार जुना आहे.

आणि आता हिरवं पाणी. जुलै-ऑगस्टमधे लेकवर हिरव्या रंगाचा थर येतो, कुणीतरी पालकाचं सूप ओतल्यासारखा, काही वर्षी उत्तरेच्या भागात हजारो चौरस किलोमीटर, उपग्रहाच्या फोटोत स्पष्ट दिसतो. हे निळं-हिरवं शेवाळ, खरं तर ते शेवाळ नाहीच, सूर्यप्रकाशावर जगणारे बॅक्टेरिया आहेत. त्यातले काही विष तयार करतात, बीचवर पाटी लागते की पोहू नका, कुत्र्याला पाणी पिऊ देऊ नका.

ते वाढतात कशावर, तर फॉस्फरसवर. हे ठरलं कसं त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. इथून पूर्वेला ओंटारियोच्या जंगलात शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठीच काही छोटी तळी ठेवलेली आहेत. १९७३ मधे डेव्हिड शिंडलर आणि मंडळींनी २२६ नंबरच्या तळ्यात मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. पहिली बाजू जशीच्या तशी, दुसरी हिरवीगार, वरून काढलेल्या फोटोत मधे रेघ मारल्यासारखी दिसते. बाकी वादावादी राहिली नाही, बऱ्याच ठिकाणी डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं आली. नायट्रोजन कमी करून का भागत नाही, तर ह्यातले काही बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन स्वतः घेतात, आपल्या तुरीच्या नाहीतर हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जसे घेतात तसे. त्यांना फक्त फॉस्फरस दुसऱ्याने द्यावा लागतो.

आणि देणारे आहेतच, ४० पट पाणलोट. त्यातही सगळ्या नद्या सारख्या नाहीत. रेड नदी लेकचं पाणी जेमतेम सहावा हिस्सा आणते पण फॉस्फरस निम्म्याहून बराच जास्त तिच्यातून येतो. कारण तिचं खोरं म्हणजे तीच अगासिझची काळी सुपीक सपाट जमीन, सगळी शेती, खतं, डुकरांचे फार्म, आणि वर विनिपेग शहराचं सांडपाणी, ज्याच्या सगळ्यात मोठ्या प्लांटमधे फॉस्फरस नीट काढायचं काम वर्षानुवर्षं पुढे ढकललं गेलंय, ह्यावर इथे कोणाहीशी बोला, चिडून बोलतात. त्यात इथला सगळ्यात मोठा ओघ पावसाचा नसतो, वितळलेल्या बर्फाचा असतो. एप्रिलमधे वरचा बर्फ वितळतो पण खालची जमीन अजून गोठलेली असते, पाणी मुरतच नाही, शेतावरून सरळ चारीत आणि चारीतून नदीत, फॉस्फरस घेऊन. पूर्वी गवताळ प्रदेशात हजारो छोटी डबकी, पाणथळ जागा होत्या, तिथे पाणी थांबायचं, आणि पाणकणीस वगैरे वाढून ते फॉस्फरस खाऊन टाकायचं. शेतीसाठी त्यातल्या बऱ्याच चर खणून कोरड्या केल्या. आणि रेड नदी उत्तरेला वाहते, म्हणजे वरच्या बाजूला अमेरिकेत वसंत आधी येतो आणि खाली मुखाशी अजून बर्फ, त्यामुळे पूर ठरलेला. शहर वाचवायला १९६० च्या दशकात ४७ किलोमीटरचा वळसा-कालवा खोदला, ज्या प्रीमियरने, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्याने, तो रेटला त्याच्या नावाने लोक त्याला डफची चर म्हणून हसायचे, १९९७ च्या महापुरात शहर त्याच्यामुळे वाचल्यावर हसणं बंद झालं. पण कालवा शहर वाचवतो, लेक नाही, त्या पुराचं सगळं पाणी, शेतांवरचं सगळं घेऊन, लेकमधेच गेलं. त्यानंतरच्या वर्षी लेकवर संशोधनासाठी एक संस्था झाली आणि नमाओ नावाचं जुनं जहाज तिच्या कामाला लागलं. २०१३ मधे एका जर्मन संस्थेने ह्याला 'वर्षातलं धोक्यातलं तळं' जाहीर केलं.

एक गोष्ट बरी आहे. पाणी ह्या तळ्यात फार राहत नाही, तीन ते पाच वर्षांत बदलतं, सुपीरियरला त्यासाठी जवळपास १९० वर्षं लागतात. म्हणजे वरून येणारं कमी केलं तर फरक आपल्या हयातीत दिसेल. वाईट गोष्ट अशी की शेवाळ वाढलं तेव्हा माशांनाही खायला जास्त मिळालं आणि २००० नंतरच्या काही वर्षांत पिकरेल धो धो मिळाले, त्यामुळे मच्छीमाराला तळं बिघडलंय हे पटवणं त्या काळात कठीण होतं.

आणि २०१३ च्याच ऑक्टोबरमधे झेब्रा शिंपले सापडले, नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, मूळचे काळ्या समुद्राकडचे. पुढच्या वर्षी चार बंदरं पडद्याने बंद करून त्यात पोटॅश ओतलं, बंदरातले मेले, पण ते बाहेर लेकमधे आधीच गेलेले होते. एकेक शिंपला दिवसभर पाणी गाळत बसतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो, म्हणजे माशाच्या पिल्लांचं अन्नही खातो. पाणी त्यांच्यामुळे स्वच्छ दिसायला लागतं ते चांगलं लक्षण नाही, उजेड खोलवर गेला की तळाशी वेगळं शेवाळ वाढतं. ग्रँड बीचची पांढरी वाळू, तिथे बारा-बारा मीटर उंच टेकड्या आहेत, शंभर वर्षांपूर्वी शहरातून खास ट्रेन भरभरून लोक तिथे नाचायला यायचे, तिथे आता वाळूत ह्या शिंपल्यांचे थर लागतात. यायचं असेल तर जुलैच्या आधी या, आणि मुलांना पाण्यात चपला घालूनच सोडा, कडा ब्लेडसारख्या असतात.